ठिणगी महाग, ॲव्हरेज तेवढंच

आपल्याकडे गाडीची चौकशी एकाच प्रश्नाने सुरू होते: किती देते? ब्रेक लागतात का, टायर कधीचे आहेत, ड्रायव्हर रात्री झोपला होता का, हे सगळं नंतर. बहुतेक वेळा कधीच नाही. आधी ॲव्हरेज. बरं, ॲव्हरेजच्या बाबतीत कुणी खरं बोलायचं नाही असा अलिखित करारच झालेला आहे. गाडी विकणारा दोनने वाढवून सांगतो, ड्रायव्हर मालकाला दोनने कमी करून सांगतो, आणि मधलं इंधन कुठे जातं ते ढाब्याच्या मागच्या बाजूला ठाऊक असतं. कंपनीचा आकडा ज्या रस्त्यावर निघालेला असतो, त्या रस्त्यावर खड्डा नसतो, सिग्नल नसतो आणि समोरून राँग साइडने येणारी बुलेटही नसते.

इतकी भूक असली की वाढपी येतातच. कधी इंधनाच्या पाइपला बांधायचं चुंबक येतं, कधी टाकीत टाकायची गोळी. 1996 मध्ये तमिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी तर पाण्यात पाला उकळून पेट्रोल काढून दाखवतो म्हटलं होतं. भल्याभल्यांनी माना डोलावल्या; शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा पाला पालाच निघाला. सध्या या खात्यावर स्पार्क प्लग बसला आहे. ‘हा प्लग टाका, टेम्पो तीन-चार किलोमीटर जास्त देईल.’ सांगणारा इतक्या खात्रीने सांगतो की विचारणाऱ्याला आपल्या जुन्या प्लगची लाज वाटावी.

आधी मोठ्या गाड्यांचा निकाल लावू. हायवेवर आपल्याला कट मारून जाणारे बहुतेक ट्रक डिझेलवर चालतात, आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. रुडॉल्फ डिझेलने 1892 मध्ये पेटंट मागितलं ते याच कल्पनेसाठी: हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते, आणि त्यात फवारलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटतं. थंडीत सकाळी इंजिन उठावं म्हणून काही गाड्यांत हीटर प्लग असतो, पण तो फक्त गरम होतो, ठिणगी पाडत नाही. तेव्हा दहा चाकी डिझेल ट्रकसाठी कुणी ‘मायलेजवाला स्पार्क प्लग’ देऊ केला, तर त्याला चहा पाजावा आणि पाकीट खिशातच ठेवावं.

प्लगचा प्रश्न खरा आहे तो छोट्या मालवाहू गाड्यांचा. 2005 मध्ये टाटांचा एस आला, लोकांनी त्याचं छोटा हत्ती असं बारसं केलं, तेव्हा तो दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर चालत होता. एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, धूर स्वच्छ करायची यंत्रणा छोट्या डिझेल गाडीला परवडेना, आणि मार्केट यार्डापासून एमआयडीसीपर्यंत पेट्रोल आणि सीएनजीचे टेम्पो वाढले. आता तर मोठ्यांनाही ठिणगी लागायला लागली आहे. सीएनजीचे मध्यम ट्रक सर्रास दिसतात, आणि चाकणच्या कारखान्यातून 2022 पासून एलएनजीवरचे लांब पल्ल्याचे ट्रक बाहेर पडू लागले. गॅसवर चालणाऱ्या या इंजिनांना प्लग हवाच. म्हणजे ट्रकवाल्याच्या आयुष्यात प्लग परत आला, आणि त्याच्या मागोमाग प्लगबद्दलच्या थापाही आल्या.

स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात पाच मिनिटं उभं राहा.

“दादा, छोटा हत्तीचे प्लग द्या. सीएनजी.”

“साधे की इरिडियम?”

“ॲव्हरेजला कुठले चांगले?”

“इरिडियम टाका ना मालक. गाडी उडंल.”

“पण देईल किती?”

“तुमच्या पायावर आहे.”

या संभाषणातलं एकच वाक्य खरं आहे, शेवटचं. पण गिऱ्हाईक ते ऐकेपर्यंत बिल झालेलं असतं.

*

प्लगचं काम काय? फटीत ठिणगी पाडणं. बस्स. बॉश कंपनीच्या गोटलोब होनोल्डने 1902 मध्ये उच्च दाबाच्या मॅग्नेटोला जोडून प्लग चालवून दाखवला, तेव्हापासून आजपर्यंत त्याच्या कामात फरक पडलेला नाही. वीस-तीस हजार व्होल्टचा झटका येतो, मिलिमीटरभराच्या फटीतून उडी मारतो, हवा आणि इंधनाचं मिश्रण पेटतं. एकदा पेटलं की पुढची आग त्या मिश्रणाची. ठिणगीचा तिथे काही संबंध उरत नाही. चुलीत काडी कुठल्या कंपनीची लावली यावर भाकऱ्या किती होणार हे ठरत नाही. पीठ किती आणि जाळ कसा, यावर ठरतं. काडी ओली असेल तर मात्र चूलच पेटत नाही. प्लगचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं: चांगला प्लग ॲव्हरेज वाढवत नाही, खराब प्लग ते खातो.

‘दहा टक्के जास्त देईल’ म्हणणाऱ्याला एकच विचारा. आत्ता माझं दहातलं एक पेटणं फुकट जातंय का? तसं जात असतं तर गाडी खोकली असती, चढावर मेली असती, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला असता आणि तुम्ही दुकानाऐवजी गॅरेजमध्ये उभे असता. धडधाकट इंजिनात जवळपास प्रत्येक वेळी मिश्रण पेटतंच. जे आधीच पेटतंय ते महागड्या ठिणगीने आणखी कसं पेटणार?

आता इरिडियमबद्दल, कारण त्याच्या नावानेच निम्मी विक्री होते. धातू खानदानी आहे, यात वाद नाही. वितळायला 2400 अंशांच्या वर तापावं लागतं. साध्या प्लगच्या टोकावरचं निकेल 1455 अंशांतच हात टेकतं. पृथ्वीच्या कवचात इरिडियम दुर्मिळ. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी अशनी आदळला आणि डायनासोर गेले, हे 1980 मध्ये अल्वारेझ बापलेकांनी मांडलं ते इटलीत गुब्बिओजवळच्या मातीच्या थरात सापडलेल्या इरिडियमवरूनच. त्याच सुमारास आपल्याकडे सह्याद्रीचा काळा कातळ ओतला जात होता. आणि आज त्या कातळातल्या घाटातून टोमॅटो नेणारा टेम्पोवाला विचारतो, इरिडियमने किती वाढेल?

उत्तर असं की इरिडियमने आयुष्य वाढतं, प्लगचं. धातू कणखर असल्यामुळे मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक करता येतं, बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते, आणि ते टोक लवकर झिजत नाही. साधा निकेलचा प्लग वीस-तीस हजार किलोमीटरमध्ये थकतो. इरिडियम लाखाच्या घरात जाऊ शकतो. प्लग काढायला अर्धं इंजिन उघडावं लागतं अशा गाडीत हा सौदा फायद्याचा. ज्या गाडीत सीट उचलली की प्लग हाताला लागतो आणि मिस्तरी दहा मिनिटांत बदलून देतो, तिथे हिशेब वेगळा. पण ‘लवकर बदलावा लागत नाही’ असं म्हटलं तर डोळे चमकत नाहीत. ‘गाडी उडंल’ म्हटलं की चमकतात. 2021 मध्ये इरिडियमचा भाव औंसाला 6 हजार डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या तिपटीहून जास्त. तेव्हा मातीमोल भावात कुणी ‘ओरिजनल इरिडियम’चा अख्खा सेट हातावर ठेवला, तर बॉक्सवरची छपाई दोनदा वाचा.

दोन-तीन-चार टोकांचे प्लगही मिळतात. गिऱ्हाइकाला वाटतं चार टोकं म्हणजे चार ठिणग्या. ठिणगी एका वेळी एकाच टोकावर उडते, जिथे वाट सोपी तिथे. बाकीची तीन टोकं आपली पाळी येईपर्यंत बसून असतात. झीज वाटली जाते, इतकाच फायदा.

*

ही हौस आपलीच आहे असं समजून कुणी ओशाळू नये. पिकअप ट्रक पेट्रोलवर चालवणाऱ्या अमेरिकेत हा बाजार फार आधी भरला. 1990च्या दशकात तिथे स्प्लिटफायर नावाचा प्लग गाजला. टोक दुभंगलेलं, किंमत चढी, जाहिरात जोरात: इंधन वाचेल, ताकद वाढेल, धूर कमी होईल. 1997 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने पुरावा मागितला. शेवटी पुराव्याशिवाय असे दावे करणार नाही, असं कंपनीला मान्य करावं लागलं. तिथल्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. बहुतेकांनी काहीच वाचवलं नाही, आणि काहींनी तर इंजिनाचं नुकसान केलं. तिकडे निदान तपासतात. आपल्याकडे मेव्हण्याच्या गाडीला फरक पडला, एवढा पुरावा पुरतो.

मेव्हण्याला फरक का पडतो, तेही सांगतो. त्याने चाळीस हजार किलोमीटर घासलेला प्लग काढला आणि नवा टाकला. नवा कुठलाही टाकला असता, साधासुद्धा, तरी फरक पडलाच असता. त्याच दिवशी मिस्तरीने एअर फिल्टर झटकला, हवा भरली, आणि महागडा प्लग टाकलाय म्हणून मेव्हणा स्वतः महिनाभर हळू चालवत राहिला. श्रेय मात्र सगळं प्लगला.

उलट्या बाजूची गोष्ट खरी आणि महाग आहे. प्लग मिसिंग मारायला लागला की न जळलेलं इंधन आणि हवा तशीच सायलेन्सरकडे जाते. तिथला ऑक्सिजन सेन्सर त्या शिल्लक हवेला फसतो आणि इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवतो, इंधन कमी पडतंय. ईसीयू बिचारा आणखी इंधन सोडतो. वर तेच इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो हजारोंचा भाग भाजून निघतो. दोन सिलिंडरच्या गाडीत एक प्लग मेला म्हणजे अर्धं इंजिन संपावर. नव्वद-शंभर रुपयांचा प्लग वेळेत न बदलण्याची ही किंमत.

सीएनजीवाल्याने तर जास्तच जपावं. गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे फट जराशी वाढली तरी ठिणगी चुकायला लागते, आणि कॉइलवर ताण येतो तो वेगळाच. म्हणून कंपन्या सीएनजी इंजिनासाठी प्लगचा नंबर आणि फट नेमून देतात. आपण ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये देवाच्या फोटोखाली ठेवतो. उघडत नाही.

*

आता नंबरांची गंमत. प्लग ‘गरम’ आणि ‘थंड’ असे असतात, म्हणजे स्वतःच्या टोकाची उष्णता ते किती झपाट्याने हेडकडे सोडतात. टोक साधारण 450 अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही, प्लग शॉर्ट होतो; 850 अंशांच्या वर गेलं तर ठिणगीची वाट न बघता मिश्रण आधीच पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. या दोन टोकांच्या मध्ये राहायचं, म्हणून हीट रेंजचा आकडा. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. जगात एवढी शहाणी माणसं, पण यावर एकमत नाही. आमचे जुने मिस्तरी ज्याला अजून मायको म्हणतात तीच ही बॉश. 1951 मध्ये बंगळुरूत मायको निघाली आणि 2008 मध्ये तिचं नाव बदललं, मिस्तरींनी अजून बदललेलं नाही. तर अशा या बाजारात ‘एक नंबर वरचा टाका, पिकअप वाढेल’ हा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, वरचा म्हणजे कुठल्या कंपनीचा?

आणि तो पॉलिश पेपर. प्लग काढायचा, मांडीवर फडकं घ्यायचं, पॉलिश पेपरने टोक घासून चकचकीत करायचं, फुंकर मारायची, डोळ्यांनीच फट बघायची आणि हलकेच ठोकून “झाला नवा” म्हणायचं. लुनाच्या जमान्यात हे शास्त्र होतं. इरिडियमच्या अर्ध्या मिलिमीटरच्या टोकावर हाच प्रयोग केला की ज्या टोकाचे पैसे मोजले तेच फडक्यावर उतरतं. फट फीलर गेजने मोजतात, नजरेने नाही. घट्ट करायची रीतही आहे: आजूबाजूची धूळ आधी हवेने उडवायची, इंजिन गार होऊ द्यायचं, प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवायचा, मग पान्याने साधारण अर्धा ते पाऊण फेरा. आमच्याकडे शेवटचा जोर अंगाने लावतात, आणि मग हेडचे आटे गेले की कंपनीला शिव्या देतात.

*

मग ॲव्हरेज जातं कुठे? चोर घरचेच आहेत.

पहिला टायरमध्ये. अमेरिकी सरकारच्या हिशेबानुसार सगळ्या टायरांतली हवा एक पीएसआयने उतरली की ॲव्हरेज साधारण 0.2 टक्क्यांनी घटतं. ऐकायला किरकोळ. पण आपल्याकडे हवा ‘लाथ मारून’ तपासायची पद्धत आहे, त्यामुळे दहा-पंधरा पीएसआय कमी हे सर्वसाधारण मानलं जातं. भरायला फुकट किंवा दहा-वीस रुपये. म्हणूनच बहुधा कुणी भरत नाही. महाग असती तर विश्वास बसला असता.

दुसरा हौद्यात. पाऊण टनाची गाडी, वर दीड टन कांदा. मग “हल्ली देत नाही” म्हणून रडायचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली जादा मालाला 20 हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार आहे. एक पावती फाटली की जवळपास दोन वर्षांचं वाचवलेलं इंधन एका नाक्यावर संपतं.

तिसरा पायात. सिग्नल लाल दिसतोय, तरी शेवटच्या क्षणापर्यंत रेस आणि मग कचकन ब्रेक. त्याच सरकारी हिशेबात अशा आडदांड चालवण्याने हायवेवर 15 ते 30 टक्के आणि गर्दीत 10 ते 40 टक्के ॲव्हरेज जातं. आपली पीसीआरए ही सरकारी संस्था 1978 पासून हेच सांगते आहे: बेताचा वेग ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा. फुकट सल्ला असल्यामुळे तो भिंतीवरच्या पोस्टरवर राहिला.

चौथा सगळ्यांत शहाणा, आणि तो जीवही घेतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणारा. त्याला वाटतं इंधन वाचलं. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून रेसवरचा पाय काढला की इंजेक्टर इंधन सोडणंच बंद करतात. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून उलट इंधन द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलवाला इंधन जाळतो, वर इंजिनाचा ब्रेक गमावतो आणि सगळा भार ड्रमवर टाकतो. काही महाभाग चावीच बंद करतात. मग स्टेअरिंग आणि ब्रेकची मदतही जाते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने कित्येक गाड्या चिरडल्या, तेव्हा चर्चा याच सवयीची झाली. तिथे आता न्यूट्रल करू नका असं सांगावं लागतं. वाहन चालवण्याचा परवाना असलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

*

शेवटी रुपयांत बोलू, कारण तीच भाषा सगळ्यांना कळते. समजा टेम्पो महिन्याला 2 हजार किलोमीटर पळतो, किलोला 20 देतो, गॅस 90 रुपये. महिन्याचं बिल 9 हजार. महागड्या प्लगने एक टक्का वाढलं असं उदारपणे मानलं, तर वाचले 90 रुपये. म्हणजे दिवसाला तीन. हवा, भार आणि पाय या तिघांनी मिळून दहा टक्के वाचवले तर 900. पहिल्यासाठी दुकानात जावं लागतं, दुसऱ्यासाठी सवय बदलावी लागते. आपण कुठला रस्ता धरतो ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा निकाल असा. गाडीच्या पुस्तकात जो नंबर आणि जी फट लिहिली आहे तोच प्लग घ्या, खात्रीच्या दुकानातून पक्कं बिल घेऊन घ्या, सांगितलेल्या किलोमीटरला बदला. पुस्तकात इरिडियम लिहिलं असेल तर इरिडियम, निकेल लिहिलं असेल तर निकेल. इंजिन बनवणाऱ्या माणसाला काउंटरवरच्या दादापेक्षा थोडं जास्त कळतं, असं धरून चालायला हरकत नाही. वाचलेल्या पैशांत एक प्रेशर गेज घ्या आणि दर सोमवारी सकाळी, टायर गार असताना, माल भरायच्या आधी लावून बघा.